मृणालताईंच्या मोर्चात तुमच्या घरातलं कोण होतं?

आरे रोड

परवा मुलाला घेऊन पूर्वेकडून घरी येत होते. मृणालताई गोरे उड्डाणपुलावर रिक्षा अडकली. मुलगा नववीत आहे. पाटी वाचून त्याने विचारलं, "आई, ह्या कोण?" मी म्हटलं, "पाणीवाली बाई." तो म्हणाला, "म्हणजे पाणी विकायच्या?"

त्याची चूक नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. मी गोरेगावात जन्मले, इथेच वाढले, आणि मीही कधी सांगितलं नाही. रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडक्यात, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. मृणाल गोरे, माहेरच्या मोहिले. जन्म १९२८. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. १९४८ मध्ये केशव तथा बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी गोरेगाव हेच कामाचं ठिकाण धरलं. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचं केंद्र, सगळं हाताने उभं केलेलं. १९५८ साली बंडू गोरे गेले. मुलगी लहान होती. ताई तिशीच्या होत्या. तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. १९७२ मध्ये विधानसभेत, १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत. २०१२ च्या जुलैमध्ये त्या गेल्या.

हे सगळं कुठेही मिळेल. मला सांगायचंय ते माझ्या मावशीबद्दल.

मावशी साठच्या दशकात लग्न होऊन गोरेगावच्या एका वस्तीत आली. आरेच्या पलीकडे विहार तलाव आहे, १८६० सालचा. त्याच्या मागे तुळशी, १८७९ चा. शहराला पाणी पाजणारे तलाव आमच्या उशाशी, आणि मावशी रात्री अडीचला उठून नळावर नंबर लावायची. नंबर म्हणजे डबा, वीट, फुटकी बालदी, काहीही ठेवायचं. पहाटे पाणी सुटायचं. दोन हंडे, एक कळशी. कधी मधेच जायचं. मग सकाळी कामाला उशीर. मावशी एका कारखान्यात गोळ्या-बिस्किटांच्या पॅकिंगला जायची, रोजावर. महिन्यात तीन खाडे झाले की पुढच्या महिन्यात बोलावत नसत. दोन नोकऱ्या तिच्या अशा गेल्या. नवऱ्याची एकही गेली नाही, कारण रांगेत तो कधी उभाच राहिला नाही. कोणाचाच नवरा राहत नव्हता.

मावशी म्हणते, ताई वस्तीत आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न "किती तास पाणी येतं?" असा नाही विचारला. "किती वाजता उठता?" असं विचारलं.

मला वाटतं, सगळं त्या प्रश्नात आहे. आपण मृणालताईंना पाण्याच्या नेत्या म्हणतो आणि "स्त्रियांच्या हक्कांचं काम" म्हटलं की वेगळं पान उघडतो. माझ्या मते तसं पानच वेगळं नाही. पाणी हा बाईच्या झोपेचा, मजुरीचा, तिच्या मुलीच्या शाळेचा प्रश्न आहे हे त्यांनी ओळखलं, आणि तो स्वयंपाकघरातून उचलून महापालिकेच्या सभागृहात नेऊन ठेवला. ज्या घराला कागद नाही त्याला नळ नाही, हा त्या काळचा कारभार होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: घर अनधिकृत असेल, तहान अनधिकृत नसते.

तुमच्या घरात कोणी मोर्चाला गेलं असेल तर आत्ता विचारा. त्या बायका आता ऐंशीच्या आसपास आहेत.

---

गिरणगावची लेक

फार बरं केलंत. माझी आई परळची. ती मृणालताईंच्या नाही, अहिल्याताई रांगणेकरांच्या हाताखाली तयार झाली. पण १९७२ ला सगळ्या एकत्रच होत्या.

महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्याताई मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. पक्षांचं आपसात पटत नव्हतं, या बायकांचं पटलं. दुष्काळाची वर्षं. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) यायचा. आई म्हणते त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाला टोचायची. तेल, रवा, साखर, रॉकेल, सगळं सणाच्या तोंडावर दुकानातून गायब.

तर लाटणं मोर्चा. आई गेली होती. शेजारच्या सहा जणी, प्रत्येकीच्या हातात स्वतःच्या घरचं लाटणं. आणि थाळीनाद. ठरलेल्या वेळी संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत उभं राहून थाळ्या बडवायच्या. आमच्या चाळीत एक काकू होत्या, त्यांना सासरे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. त्या गॅलरीत थाळी वाजवायच्या. घराबाहेर न पडता मोर्चात सामील. आई अजून म्हणते, "तिची थाळी सगळ्यात जोरात."

---

अनामिका२१

मी कॉलेजला आहे, स्त्री-अभ्यास हा विषय घेतलाय. आदर ठेवून एक शंका विचारते.

लाटणं आणि थाळी ही बाईला स्वयंपाकघरात बांधणारीच साधनं ना? ती हातात घेऊन रस्त्यावर आलं तर आपण "आम्ही गृहिणी आहोत, आमचा संसार चालत नाही" एवढंच म्हणतो. हा संसार माझ्या एकटीचा का, हा प्रश्न तसाच राहतो. पाण्याचंही तेच. नळ घराजवळ आला, पण पाणी भरतं कोण? आजही बाईच. मला वाटतं १९८० नंतरच्या पिढीने, मथुरा बलात्कार खटल्यात पोलिसांना सोडून देणाऱ्या निकालाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलींनी, खरा स्त्रीमुक्तीचा प्रश्न विचारला. आधीच्या चळवळींचं महत्त्व आहेच, पण त्यांना स्त्री-हक्क म्हणायचं का?

---

गिरणगावची लेक

अनामिका, प्रश्न चांगला आहे, टाळणार नाही. तुझा मेसेज आईला वाचून दाखवला. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत:

"झेंडा घेऊन निघाले असते तर ह्यांनी विचारलं असतं, कुठल्या पक्षाचा? मामंजींनी विचारलं असतं, कोणाला विचारून? लाटणं घेऊन निघाले तर काय विचारणार? लाटणं माझंच आहे."

मला वाटतं हे नुसतं हुशारीचं नव्हतं. समितीत पाच रंगांचे झेंडे असते तर पहिल्या दिवशीच फाटाफूट झाली असती. लाटण्याला पक्ष नाही. आणि ज्या बाईने आयुष्यात कधी मंत्र्याशी मान वर करून बोलणं केलं नव्हतं, तिने मंत्र्याला घेराव घातला. घरी परतली ती तीच बाई होती का? आमची आई नव्हती. त्यानंतर तिने पगाराचं पाकीट स्वतःच्या हातात घ्यायला सुरुवात केली. तिच्यावर वडिलांनी हात उचलला तो शेवटचा १९७१ चा. तारीख तिला पाठ आहे.

आता तुझं म्हणणं जिथे खरं आहे तिथे खरंच आहे. पाणी आजही बाईच भरते. माझ्या घरीही.

---

जुना कार्यकर्ता

मी सेवा दलात होतो, गोरेगावातच. दोन गोष्टींची भर घालतो.

एक म्हणजे ताईंची पद्धत. मोर्चा हा त्यांच्या कामाचा शेवटचा दहावा भाग. आधी घरोघर फिरून यादी. किती घरं, किती माणसं, नळ किती, पाणी किती वेळ, गटार कुठे तुंबतं. ती यादी वस्तीतल्याच बायकांनी करायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं आणि शाळेतल्या पोरींनी लिहायचं. मग अर्ज. मग पत्रक, सायक्लोस्टाईलवर. पोस्टर चिकटवायला खळ आम्ही पोरं शिजवायचो. अर्जाला उत्तर नाही आलं की मोर्चा, आणि मोर्चात अधिकाऱ्यासमोर बोलायला ताई स्वतः आधी उभ्या राहत नसत. "तू सांग," असं बाईला पुढे करायच्या. ती अडखळली तरी मधे बोलायच्या नाहीत. अधिकाऱ्याला ताटकळत ऐकावं लागायचं.

दुसरं, आणीबाणी. त्या भूमिगत राहिल्या, नंतर अटक झाली, तुरुंगवास भोगला. सुटल्यावर निवडणूक लढवली आणि ती घोषणा झाली: "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में." लोकांना घोषणेतला शेवट, म्हणजे इंदिरा गांधींचा पराभव, आवडतो. मला सुरुवात. गोरेगावच्या वस्तीतल्या बायकांनी ज्या नावाने हाक मारली तेच नाव दिल्लीला गेलं. त्याच निवडणुकीत अहिल्याताईही उत्तर मध्य मुंबईतून निवडून आल्या. एका शहराने दोन मोर्चावाल्या बायका एकदम लोकसभेत पाठवल्या.

---

सिस्टर

मी नर्स होते, आता निवृत्त. पाणी आणि महागाईवर सगळे लिहितात, पण एका कायद्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऐंशीच्या दशकात मी एका खाजगी प्रसूतिगृहात होते. नाव सांगत नाही. तेव्हा सोनोग्राफी आजच्यासारखी गल्लोगल्ली नव्हती. गर्भजल परीक्षा व्हायची. सोळा-अठरा आठवड्यांची झाली की पोटात सुई घालून पाणी काढायचं, ते तपासायला पाठवायचं, आणि अहवाल आला की मुलगी असेल तर "मोकळं" करायचं. चौथा-पाचवा महिना. त्या बाईच्या शरीराचं काय होतं ते मी पाहिलंय. बहुतेकींना आधी दोन मुली असायच्या. सासू बाहेर बाकड्यावर बसलेली. नवरा पैसे भरायला. ती एकटी आत. पहिल्यांदा मी हात धरला तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, त्यांना सांगू नका मी रडले." तिचा चेहरा विसरले नाही.

हे चोरून नव्हतं. उघड होतं. लोकलच्या डब्यात जाहिराती असायच्या, आत्ता थोडा खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या. राज्य सरकारनेच करून घेतलेल्या एका पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. शंभरात चौऱ्याऐंशी.

मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर, विज्ञानवाले यांनी मिळून लिंगनिदानाविरुद्ध मंच उभा केला. मृणालताई तेव्हा विधानसभेत होत्या. त्यांनी १९८६ मध्ये याविरुद्ध खाजगी विधेयक आणलं. त्यातून विषय सरकारच्या दारात गेला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व लिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा, म्हणजे सहा वर्षांनी.

कायद्याने सगळं थांबलं का? नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. मी हे आकडे लपवणार नाही. सुई जाऊन सोनोग्राफी आली, डॉक्टर बोलायचे थांबले आणि खुणा करायला लागले. पण माझ्यापुरतं सांगते. १९८८ नंतर आमच्या इथली भिंतीवरची पाटी उतरली. त्याआधी मी "हे बरोबर नाही" म्हटलं की मोठे डॉक्टर म्हणायचे, "बेकायदा आहे का?" त्यानंतर तो प्रश्न त्यांना विचारता येईना. मी ती नोकरी सोडली तेव्हा माझ्याकडे म्हणायला एक वाक्य होतं.

अनामिका, तू म्हणतेस ऐंशीनंतरच्या मुलींनी खरा प्रश्न विचारला. बरोबर. तो प्रश्न विधानसभेत कोणी नेला तेही लिही तुझ्या प्रबंधात.

---

अनामिका२१

लिहीन, सिस्टर. हे मला अभ्यासक्रमात कोणी सांगितलं नव्हतं. कायद्याचं वर्ष होतं पुस्तकात, विधेयक कोणाचं ते नव्हतं.

---

दिंडोशीकर

आम्ही नागरी निवाराचे रहिवासी. मृणालताई आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद उभारली. कमाल जमीनधारणा कायदा १९७६ चा, त्यातली अतिरिक्त जमीन बिल्डरांच्या घशात न जाता साध्या माणसांच्या घरांसाठी मिळावी हा लढा होता. दिंडोशीला ६२ एकरांवर सुमारे ६ हजार घरं झाली. माझे वडील बेस्टमध्ये होते. त्यांच्या पगारात मुंबईत घर होणं शक्यच नव्हतं. आईने घराच्या मोर्चांना मला कडेवर घेऊन नेलेलं.

आमच्या घराच्या कागदावर आईचं नावही आहे. आईला त्याचं जेवढं अप्रूप तेवढं घराचं नव्हतं.

---

नळजोडणी

दिंडोशीकर, तुमच्या आनंदात विरजण घालायचं नाही, पण विचारतो. ज्या बायका हंडे घेऊन चालल्या त्यांना त्या घरांचे हप्ते परवडले का? मी मालाडच्या एका वस्तीत राहतो. आमच्या भागातली बरीच जुनी माणसं म्हणतात, मोर्चाला आम्ही, घरं नोकरदारांना.

---

दिंडोशीकर

प्रश्न रास्त आहे. माझ्या माहितीत ज्यांना महिन्याचा ठराविक पगार होता तेच हप्ते भरू शकले. आमच्या मजल्यावर घरकाम करणारी एकही बाई नव्हती, आमच्या घरी कामाला यायच्या त्या वस्तीतून यायच्या. एवढ्या मोठ्या शहरात ६ हजार घरं म्हणजे किती? पण ती जमीन सोडली असती तर त्यावर टॉवर झाले असते आणि माझे वडील विरारच्या पलीकडे गेले असते. दोन्ही खरं आहे.

---

नळजोडणी

सरळ उत्तर दिलंत, आभार.

आमचं सांगतो, कारण धागा पाण्याचा आहे. आमच्या गल्लीत अधिकृत नळ नाही. पलीकडच्या गल्लीतून पाइप टाकून पाणी घेतो, त्याचे पैसे महिन्याला त्या घराला. चावीवाला किती वाजता व्हॉल्व्ह फिरवेल त्यावर बायकोचा दिवस. उन्हाळ्यात ड्रम विकत. अनेक वर्षं पालिकेचं मोजमाप असं होतं की इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५. एकाच शहरातल्या दोन माणसांची तहान वेगळी धरलेली.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेने "सर्वांसाठी पाणी" धोरण आणलं. आमच्या गल्लीने अर्ज केलाय. यादी आम्ही बायकोच्या गटाकडूनच करून घेतली, ४१ घरं. जुन्या कार्यकर्त्यांनी वर लिहिलेली पद्धत वाचून बायकोला दाखवली. ती म्हणाली, "मग आपण बरोबर केलं."

मृणालताई सभागृहात साठच्या दशकात जे मांडत होत्या ते न्यायालयात २०१४ ला मान्य झालं. मधल्या वर्षांत आमच्या गल्लीत किती मुलींनी शाळा सोडली ते मला माहीत आहे. माझी बहीण त्यातली एक.

---

गिरणगावची लेक

नळजोडणी, बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं.

एक राहिलं म्हणून लिहिते, जरा विषय सोडून. गिरणगावात बायकांचं पोट चालायचं ते खाणावळीवर. घरात दहा-बारा गिरणी कामगारांना जेवू घालायचं, महिन्याने पैसे, आणि तोवर किराणा उधार. वाण्याचं व्याज फिटायचं नाही. मंगळसूत्र गहाण. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही त्यांनी गटाने एकमेकींची हमी घ्यायची. आजकाल बचत गट सगळीकडे आहेत, तेव्हा बँकेचा दरवाजा ढकलायलाही भीती वाटायची. माझी आत्या अंगठा उठवायची, मंडळात सही शिकली. १९८२ चा संप झाला तेव्हा जेवणारे कामगारच गावी गेले आणि खाणावळी बसल्या. तो काळ तिने कसा काढला ते ती सांगत नाही.

प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, २००२ मध्ये. त्यांच्यावर वेगळा धागा हवा.

---

जुना कार्यकर्ता

काढाच. मी लिहीन.

आरे रोड, आणखी एक. बंडूभाऊंच्या नावाने उभं राहिलेलं केशव गोरे स्मारक ट्रस्टचं सभागृह तुमच्या घराजवळच आहे. तिथे ऐंशीच्या दशकात "स्वाधार" सुरू झालं, घरात मार खाणाऱ्या, टाकलेल्या बायकांसाठी. ताईंकडे पाण्याच्या तक्रारीला आलेली बाई अर्ज देऊन झाला तरी उठायची नाही. बसून राहायची. मग हळूच दुसरं काही सांगायची. "पाण्याचा अर्ज घेऊन आलेल्या बाईला कधी घाईने उठवायचं नाही," हे आम्ही पोरं तिथे शिकलो. पुढे स्वाधारसारखं काम का लागलं ते तिथे बसलेल्या कोणालाही समजलं असतं.

---

आरे रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं यायला लागली तशी रोज रात्री मावशीला वाचून दाखवतेय. तिला दोन दुरुस्त्या करायच्यात. रात्री अडीचला नाही, दोनला उठायची. अडीचला गेलं तर नंबर चाळिसाच्या पुढे. आणि नोकऱ्या दोन नाही, तीन गेल्या. तिसरी मला माहीतच नव्हती. आईलाही नाही. एका शिवणकामाच्या ठिकाणी होती, जेमतेम पाच आठवडे. त्याबद्दल ती काल पहिल्यांदा बोलली.

मुलगा ऐकत होता. त्याने विचारलं, "आजी, नोकरी गेली तेव्हा तू भांडली नाहीस?" ती म्हणाली, "नोकरीसाठी नाही भांडले. नळासाठी भांडले. नळ आला, मग चौथी टिकली. एकोणीस वर्षं."

आता ठरवलंय की तिचं बोलणं नीट रेकॉर्ड करायचं. सिस्टर, तुम्ही याल का? तुमच्याशी ती मोकळी बोलेल असं वाटतं. गिरणगावची लेक, आईंना परळहून आणता आलं तर दोघींना समोरासमोर बसवू, लाटणं मोर्चात दोघीही होत्या, कदाचित एकाच रांगेत. अनामिका, तू प्रश्न विचार. तुझा तो पहिला प्रश्नसुद्धा विचार, मावशीला राग येणार नाही.

येत्या शनिवारी दुपारी. मावशी म्हणते चारच्या आधी आटपा, चारला पाणी येतं.